मत्स्यबीजासोबत बोडीत शिरणाऱ्या उवा, किडे आणि नको असलेले मासे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस लागला की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात), शेततळ्यात बीज सोडायची घाई सुरू होते. पिशवीवर रोहू, कटला, मृगल लिहिलेलं असतं, पण पिशवीच्या पाण्यातून बाकीचं काय आलं ते दोन-तीन महिन्यांनी जाळं ओढल्यावर कळतं. तोवर उपाय महाग झालेला असतो, आणि कधीकधी उरलेलाच नसतो. खालचे सगळे हिशोब एकाच बोडीचे आहेत: १० गुंठे क्षेत्र, सरासरी १ मीटर पाणी, म्हणजे सुमारे १,००० घनमीटर. तुमची बोडी दुप्पट असेल तर आकडे दुप्पट करा. मात्र आधी बांबूवर खुणा करून पाच-सात ठिकाणी खोली मोजा आणि सरासरी काढा. अंदाजाने टाकलेलं औषध एक तर वाया जातं, नाहीतर मासे मारतं.

पिशवीतून नेमकं काय काय येतं?

माशांच्या उवा, अँकर वर्म आणि जळवा. चिलापी (तिलापिया), मरळ, मागूर यांची पिल्लं. पाठीवर पोहणारे किडे, चतुराच्या अळ्या, बेडकांची पिल्लं, गोगलगायी आणि त्यांची चिकट अंडी. इकोर्निया (जलपर्णी) किंवा साल्विनिया या तरंगत्या तणांचं नखाएवढं तुकडंही येतं. ते सगळ्यांत निरुपद्रवी दिसतं आणि सगळ्यांत जास्त पसरतं.

बीज घेताना गाडीपाशीच काय तपासायचं?

पांढऱ्या प्लास्टिकचा टब सोबत न्या. निळ्या किंवा काळ्या टबात उवा दिसत नाहीत. एका पिशवीतली ५०-६० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) त्यात काढा आणि उन्हाकडे पाठ करून दोन मिनिटं नुसतं बघा. निरोगी बोटुकली थव्याने फिरतात आणि टबावर टिचकी मारली की एकदम वळतात. एखादं अंग घासत असेल, कडेला एकटं पडलं असेल, कल्ल्यांची झाकणं जोरात हलवत असेल तर ते हातात घेऊन तपासा.

जातीची भेसळ पंखावरून कळते. रोहू, कटला, मृगल यांच्या पाठीवरच्या पंखात टोचणारे काटे नसतात. चिलापीच्या पाठीवर लांबलचक पंख असतो, त्याचा पुढचा भाग काटेरी आणि मागचा मऊ. पिल्लू लहान असेल तर त्या मऊ भागावर एक काळा ठिपका असतो. तोंडाभोवती लांब मिशा दिसल्या तर ते पिल्लू मागूर, शिंगी किंवा टेंगऱ्याच्या जातीचं. सायप्रिनसलाही (कॉमन कार्प) मिशा असतात, पण आखूड, आणि अंगावर खवले असतात.

५०-६० बोटुकल्यांत एक जरी चिलापी सापडली तर ती खेप घेऊ नका. एक सापडली म्हणजे गाडीत अजून बऱ्याच आहेत.

पिशवी सरळ बोडीत उलटली तर काय बिघडतं?

पिशवीचं पाणी हेच सगळ्या त्रासाचं दार आहे, म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

बंद पिशव्या आधी १५-२० मिनिटं बोडीच्या पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होतं. मग पिशवी उघडून तिच्यात बोडीचं पाणी तांब्या-तांब्याने तीन-चार वेळा घाला. त्यानंतर बोटुकली बारीक जाळीच्या चाळणीत ओता आणि खालचं पाणी बादलीत धरा. ते पाणी बोडीत किंवा नहरात सोडू नका. पाळीपासून दूर, उताराच्या उलट बाजूला, कोरड्या वावरात ओता.

आता मिठाचं पाणी. १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम जाडं मीठ, पूर्ण विरघळवून. चाळणीसकट बोटुकली त्यात एक ते दोन मिनिटं बुडवा आणि नजर हटवू नका. बोटुकली आडवी पडू लागली की घड्याळात कितीही वाजले असोत, लगेच बाहेर काढा. मिठाने जळवा आणि बऱ्याचशा उवा सुटून पडतात, अंगावरचे डोळ्यांना न दिसणारे जीवही कमी होतात. चार-पाच खेपांनंतर पाणी बदला. जिऱ्यांना (जिऱ्याच्या दाण्याएवढ्या अगदी लहान पिल्लांना) हे मीठ देऊ नका, ते मरतात. मीठ बोटुकल्यांसाठी आहे.

हे काम पहाटे किंवा संध्याकाळी करा. दुपारच्या उन्हात पिशवीत आधीच दमलेलं बीज मिठात टिकत नाही, आणि मग दोष मिठाला जातो.

बीज वेगळं ठेवायला टाकं नाही. हापा (पाण्यात बांधलेली जाळीची पेटी) लावला तर चालेल का?

हापा बोटुकल्यांना अडवतो, उवांच्या पिल्लांना नाही. ती जाळीतून आरपार जातात, म्हणून वेगळं ठेवायला हापा उपयोगाचा नाही. त्यापेक्षा धुऱ्यावर (बांधावर) चुंगड्यांत (पोत्यांत) माती भरून ३ मीटर बाय २ मीटरची चौकट रचा, आत ताडपत्री अंथरा आणि ६० सेंटिमीटर पाणी भरा. ते साधारण ३,६०० लिटर होतं. १० गुंठ्यांच्या बोडीला लागणारी ५००-६०० बोटुकली त्यात तीन आठवडे राहतात. दर दोन दिवसांनी तिसरा हिस्सा पाणी बदला. वर सावली धरा आणि बगळ्यांसाठी जाळी टाका. खाद्य हात राखून द्या, कारण उरलेलं खाद्य कुजलं की एवढ्याशा पाण्यात रात्रीतून प्राणवायू संपतो. तीन आठवडे एवढ्यासाठी की पहिल्या दिवशी न दिसलेली ऊ किंवा अँकर वर्म तोवर डोळ्यांना दिसण्याएवढी वाढते.

माशाची ऊ दिसते कशी?

अंगावर साबुदाण्याच्या चपट्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलेलं दिसतं. जवळून पाहिलं तर ते पारदर्शक असतं, थोडं हिरवट-पिवळं, आणि माशाचे खवले त्याच्या आरपार दिसतात. पुढच्या बाजूला दोन काळे डोळे आणि पोटाकडे दोन गोल चोषके. बोटाने सरकवलं तर ते खवल्यावरून तिरकं घसरत जातं, सुटत नाही. पाण्याच्या पांढऱ्या टबात सुटलं की गिरक्या घेत पोहतं. लांबी बहुतेक वेळा ५ ते १० मिलिमीटर. ऊ सोंड खुपसून रक्त पिते, तिथे लाल ठिपका उरतो, आणि पुढे त्याच जखमेतून जिवाणू शिरतात. मासे बऱ्याचदा उवांनी मरत नाहीत, या जखमांनी मरतात.

रोहूवर उवा जास्त सापडतात. पाण्याबाहेर उड्या मारणं, खुंट्याला अंग घासणं, खाद्य सोडणं ही लक्षणं दिसली की फेकजाळं टाकून पाच-सहा मासे काढा आणि पंखांच्या बुडाशी, गळ्याखाली बघा.

उवांवर उपाय काय?

आधी अंडी तोडा. मादी माशावर अंडी घालत नाही. ती माशावरून उतरते आणि पाण्यातल्या कडक जागेवर ओळीने अंडी चिकटवते: दगड, खुंटा, बांबू, नावेचा तळ. उष्ण पाण्यात दोन-तीन आठवड्यांत ती फुटतात. म्हणून तिला आपणच जागा द्यायची. हातभर लांबीच्या १५-२० फळ्या किंवा चिरलेले बांबू दोरीने पाण्यात टांगा. दर पाच-सहा दिवसांनी वर काढा, अंड्यांचे खरखरीत पट्टे खरवडा, फळ्यांना चुना लावा आणि आठवडाभर उन्हात ठेवा. फळ्यांचे दोन संच ठेवले तर एक पाण्यात, एक उन्हात. हे दोन महिने न चुकता केलं तर उवा खरोखर कमी होतात. एकदाच करून सोडलं तर काहीच होत नाही.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात त्रास अधिक, कारण पूर्ण भिंतच कडक जागा आहे. तिथे शक्य असेल तेव्हा पाणी अर्धा मीटर उतरवून आठवडाभर तसंच ठेवा, वरच्या भागातली अंडी सुकतात.

पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकतात ती लाल दवा, घनमीटरला २ ते ४ ग्रॅम, आपल्या बोडीला २ ते ४ किलो. जखमांना तिचा फायदा होतो, पण चिकटलेल्या मोठ्या उवा तिने सगळ्या जात नाहीत. पाण्यात शेण-गाळ जास्त असेल तर ती गाळातच खर्च होते आणि पाणी पटकन तपकिरी पडतं. उवा मारणारी जी औषधं आहेत त्यांत मासा मरण्याची मात्रा आणि ऊ मरण्याची मात्रा यांत अंतर कमी असतं, आणि झिंगे तर आधी मरतात. ती मत्स्य अधिकाऱ्याच्या किंवा मासे जाणणाऱ्या पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय वापरू नका.

दोऱ्यासारखं काही अंगातून लोंबतंय. कृमी आहे का?

नाव अँकर वर्म, पण तो कृमी नाही. झिंग्याच्या कुळातला जीव आहे. मादी डोकं मांसात रुतवते आणि ते आत नांगरासारखं फाकतं. बाहेर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा पांढरट दोरा राहतो, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. जुन्या दोऱ्यावर शेवाळ चढून तो हिरवा दिसतो आणि बुडाशी लाल सूज असते. हिसका देऊन ओढू नका, डोकं आत तुटतं आणि तिथे फोड होतो. टाक्यातल्या थोड्याच माशांवर असेल तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सावकाश काढा आणि जखमेला लाल दवेचं फिकट पाणी लावा. बोडीत पसरला असेल तर मत्स्य अधिकाऱ्याने सांगितलेल्या औषधाचा एक डोस पुरत नाही. रुतलेली मादी औषधाला दाद देत नाही, मरतात ती पोहती पिल्लं. म्हणून डोस दर आठवड्याला, तीन-चार वेळा.

जिरे सोडले आणि आठवड्यात निम्मे नाहीसे झाले. कोणी खाल्ले?

बहुधा किड्यांनी. बॅटरी घेऊन रात्री बोडीच्या कडेला बघा. होडीच्या आकाराचा, सेंटिमीटरभराचा, उलटा पोहणारा किडा दोन लांब वल्ह्यांसारख्या पायांनी सरसर जातो. तो जिरे धरतो आणि शोषून टाकतो. सोबत काडीसारखा पाणविंचू, मोठे काळे पाणभुंगे आणि चतुराच्या अळ्या असतात. हे किडे बीजासोबतही येतात आणि उडतही येतात. म्हणून जिऱ्यांच्या दिवसांत बोडीजवळ रात्री बल्ब लावू नका, उजेडावर ते थव्याने उतरतात.

उपाय साबण आणि तेलाचा. हेक्टरला १८ किलो साधा साबण आणि ५६ किलो खाण्याचं स्वस्त तेल, म्हणजे १० गुंठ्यांना १.८ किलो साबण आणि ५.६ किलो तेल. साबण किसून गरम पाण्यात विरघळवा, तेल घालून दुधासारखं होईस्तोवर घुसळा, आणि वारा पडलेला असताना पूर्ण पाण्यावर शिंपडा. हे किडे श्वासाला वर येतात, तेलाच्या पापुद्र्याने त्यांची श्वासछिद्रं बंद होतात आणि ते मरतात. वारा असेल तर पापुद्रा एका काठाला गोळा होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी हे करा आणि मेलेले किडे बारीक जाळ्याने काढा. चतुराची अळी मात्र यातून सुटते, कारण ती पाण्यातलाच प्राणवायू घेते. तिला जाळ्यानेच काढायचं. मरळ-मागूरची पिल्लंही हवा घ्यायला वर येतात, त्यांच्या टाक्यात हे तेल वापरू नका.

बोडी भरून ठेवून महिनाभर बीजाची वाट पाहू नका. पाणी जितकं जुनं, तितके किडे जास्त.

चिलापी आधीच भरली आहे. आता?

काठाच्या उथळ पाण्यात तळावर ताटासारखे गोल खड्डे दिसले तर ती तुमच्याकडे वीण करते आहे. मोझांबिकची चिलापी भारतात १९५२ साली आणली गेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती जगतात, आणि दोन-तीन महिन्यांची मादी पुन्हा विणायला तयार असते. मग बोडी बोटाएवढ्या माशांनी भरते आणि रोहू-कटल्याचं खाद्य तीच संपवते. दर आठवड्याला काठाला बारीक जाळं ओढून पिल्लं काढत राहा, खड्डे पायाने मोडा. बोटुकली चांगली हातभर झाली असतील तर थोड्या मरळी सोडता येतात. आधी सोडल्या तर त्या तुमचीच बोटुकली खातील. पूर्ण सुटका मात्र उन्हाळ्यात बोडी आटवूनच.

थाई मागूर बीजात आला तर?

परत पाण्यात सोडू नका, मारा. त्याच्या पालनावर भारतात बंदी आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याचा साठा नष्ट करायला सांगितलं. तो पावसात ओल्या जमिनीवरून सरकत शेजारच्या बोडीत, तिथून नाल्यात जातो, आणि तिथले देशी मासे खातो. अंगावर संगमरवरासारखे करडे-काळे डाग हे त्याचं ठळक लक्षण. आपला देशी मागूर तपकिरी-काळपट असतो, तो सांभाळा.

मोहाची ढेप कशी वापरायची?

बोडी पूर्ण आटत नसेल आणि नको असलेले मासे काढायचे असतील तर यासारखा उपाय नाही. मोह आपल्याच जंगलात आहे, आणि नंतर हीच ढेप बोडीला खत होते. मात्रा घनमीटरला २५० ग्रॅम, आपल्या बोडीला २५० किलो. म्हणून आधी पाणी जितकं उतरवता येईल तितकं उतरवा. निम्मं पाणी म्हणजे निम्मी ढेप.

ढेप कुटून ड्रममध्ये रात्रभर भिजवा, सकाळी पूर्ण बोडीत सारखी शिंपा आणि लगेच जाळं ओढून पाणी ढवळा. ढेपेतलं सॅपोनिन कल्ल्यांतून रक्तात जातं आणि रक्तपेशी फोडतं. काही तासांत मासे वर येऊ लागतात, ते ताजे काढून खाता-विकता येतात. मरळ आणि मागूर उशिरा वर येतात, काही गाळात शिरतात, म्हणून दुसऱ्या दिवशीही जाळं ओढा. किडे आणि झिंगे ढेपेने मरत नाहीत. जिरे सोडायचे असतील तर साबण-तेल वेगळं करावंच लागतं.

विषाचा असर पंधरा-वीस दिवस राहतो. त्या काळात पाण्याला गुरं लावू नका आणि पाणी नाल्यात सोडू नका. बीज सोडण्याआधी १०-१५ बोटुकली हाप्यात २४ तास ठेवून बघा. सगळी तरतरीत राहिली तरच बाकीची सोडा.

ढेप मिळाली नाही तर ब्लीचिंग पावडर चालते?

चालते. घनमीटरला ३५ ग्रॅम, आपल्या बोडीला ३५ किलो, ताजी आणि बंद पोत्यातली. ओल लागलेल्या पावडरीचा क्लोरिन उडून गेलेला असतो. दुसरी रीत स्वस्त पडते: आधी १० किलो युरिया, १८ ते २४ तासांनी १७.५ किलो ब्लीचिंग. दोन्ही एका बादलीत कालवू नका, विषारी वायू निघतो. पावडर शिंपताना वाऱ्याकडे पाठ, तोंडाला ओला दुपट्टा, डोळ्याला चष्मा. असर आठवडाभरात जातो, तरी हाप्यातली परीक्षा इथेही करा.

मामा तलावातही ढेप किंवा ब्लीचिंग टाकावं का?

नाही. माजी मालगुजारी तलाव ही एकट्याची बोडी नाही. तिथे गुरं पाणी पितात, भाताच्या बांधीला पाणी जातं, ढिवर कुटुंबांची रोजची मासेमारी असते. पुस्तकात ज्यांना 'तणमासे' म्हणतात ते छोटे देशी मासे गावातल्या गरीब घरात हाडासकट खाल्ले जातात, आणि तेच तिथलं खरं पोषण आहे. दहा गुंठ्यांच्या बोडीत जो मासा नको, तोच मामा तलावात हवा असतो. तिथे काम बीज तपासण्याचं, चिलापी-थाई मागूर येऊ न देण्याचं आणि जाळ्याने वेचून काढण्याचं. एवढ्या मोठ्या पाण्यात शिरलेलं परत काढता येत नाही, म्हणून तपासणी तिथे दुप्पट कडक हवी.

कपाशीचं उरलेलं औषध उवांवर मारलं तर?

कधीच नाही. कपाशीवरच्या फवारणीने २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात माणसं दगावली. तेच विष पाण्यात टाकलं तर मासे मरतात, आणि वाचलेले मासे कोणाच्या तरी ताटात जातात. फवारणीचा पंप आणि ड्रमही बोडीत धुऊ नका.

बेशरमाचं झुडूप आणि इकोर्निया कसं काढायचं?

इकोर्नियाची पहिली चार झाडं दिसली त्याच दिवशी हाताने काढा. गवत्या मासा (ग्रास कार्प) इकोर्निया किंवा बेशरम खात नाही. तो हायड्रिला (पाण्याखालचं तण) आणि मऊ गवत खातो. बेशरम इळ्याने कापून पाळीवर टाकलं तर कांडीला मुळं फुटतात आणि एकाची दहा होतात. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मुळासकट उपटा, कोरड्या जागी पूर्ण वाळवा, मग जाळा. भंडारा-गोंदियात ढिवर समाजाच्या लोकांनी काही तलावांतलं बेशरम असं काढून तिथे देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. त्या जागा बघून येण्यासारख्या आहेत.

गोगलगायींचं एवढं काय?

थोड्या असतील तर काही नाही. पण काही पाणगोगलगायींतून गुरांच्या यकृतातला पर्णकृमी पसरतो, म्हणून गुरं जिथे पाणी पितात तिथे त्या वेचा. पपईची किंवा केळीची पानं संध्याकाळी कडेला बुडवून ठेवा, सकाळी गोगलगायींसकट उचला.

घरच्या काचेच्या टाकीतला सकर मासा मोठा झाला, बोडीत सोडू का?

नका सोडू. तो पाळीत बिळं करतो आणि त्याच्या कडक अंगात अडकून जाळी फाटतात. डासांसाठीचे गप्पीही जिऱ्यांच्या बोडीत नकोत, ते जिरे खातात.

बोडीतला विरोळा (पाणसाप) मारावा का?

तो बिनविषारी आहे. दोन-चार मासे खाईल, बेडूकही खाईल. राहू द्या.

नहराच्या पाण्यातून येणारे मासे कसे थांबवायचे?

पाणी आत येतं तिथे मच्छरदाणीच्या जाळीची दुहेरी थैली बांधा, मीटरभर लांब. आखूड जाळी कचऱ्याने लगेच बुजते, पाणी वरून वाहतं आणि मासे आत येतात. पावसात रोज झाडा. सांडव्यालाही जाळी हवी, कारण चढत्या पाण्यात मासे सांडव्यातून वर येतात.

दुसऱ्याचं जाळं आणलं तर?

वापरण्याआधी दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून पूर्ण वाळवा, गाठींसकट. पावसाळ्यात ऊन नसेल तर १० लिटर पाण्यात १० ग्रॅम ब्लीचिंग घालून अर्धा तास बुडवा आणि साध्या पाण्याने धुवा. टब, चाळणी, गमबूट यांनाही तोच नियम.

मासे मरतायत पण अंगावर काहीच दिसत नाही. कुठे दाखवायचं?

कल्ल्यांवरचे बरेच जीव सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. जिल्ह्याच्या मत्स्य व्यवसाय कार्यालयात किंवा नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात न्या. नेताना तीन-चार आजारी पण जिवंत मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्या. मेलेला मासा काही तासांत तपासणीच्या कामाचा राहत नाही, अंगावरचे जीव उतरून जातात. तसाच न्यायचा असेल तर नुकताच मेलेला, बर्फावर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. सोबत बोडीचं एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत, आणि एका कागदावर एवढं लिहा: बीज कधी, कुठून आणलं, किती सोडलं, पाण्याची खोली, गेल्या पंधरा दिवसांत काय टाकलं, मासे पहाटे मरतात की दुपारी. पहाटे मरत असतील तर आधी प्राणवायूची शंका घ्या, उवांची नंतर.